वाचकांचे प्रश्न : भावाला क्षमा आणि घरातला वाटा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे भावंडांच्या तुटलेल्या नात्याविषयी आहेत. पत्रलेखकांच्या नावागावाचा उल्लेख टाळून ती येथे संक्षेपाने देत आहे. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटले, कारण त्यातील पेच गोव्यातील कितीतरी ख्रिस्ती घरांत आज जसाच्या तसा आहे.

प्रश्न : मी बार्देशातील एका गावची, वय ६१. माझे शिक्षण मराठी शाळेत झाले, घरातले बोलणे कोंकणी. आई २०१३ साली वारली. शेवटची चार वर्षे ती आमच्या जुन्या घरी थोरल्या भावाकडेच होती आणि मी म्हापशाहून आठवड्यातून दोनदा तिला भेटायला जात असे. तिच्या महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे तिच्यासाठीच्या प्रार्थनाविधीनंतर, सगळे नातेवाईक बसलेले असताना दागिन्यांचा आणि घराचा विषय निघाला, तेव्हा दादा सर्वांसमोर म्हणाला, "तू आईला बघायला येत नव्हतीस, वाटा बघायला येत होतीस." त्या दिवसापासून आमचे बोलणे नाही. पुढे मी इन्व्हेंटरीसाठी, म्हणजे वारसांमधील वाटणीसाठी, न्यायालयात गेले, ते काम अजून चालू आहे. दर वर्षी प्रायश्चित्तकाळात कुमसाराला (पापकबुलीला) जाते आणि भावाला क्षमा केली असे सांगते, पण त्याचे घर दिसले की छातीत गाठ येते. दोन महिन्यांपूर्वी दादाला अर्धांगाचा झटका आला. वहिनीने निरोप पाठवला आहे, "एकदा येऊन जा." माझी क्षमा खोटी आहे का? खरी असेल तर मी दावा मागे घ्यायला हवा का? आणि मी जावे का?

उत्तर : भगिनी, आपण जावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देते, कारण वहिनीच्या निरोपाला उत्तर देण्यास फार दिवस लावू नयेत. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र सावकाश भिडले पाहिजे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतील एक ओळ मराठी पवित्र शास्त्रात अशी आहे : "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." दुसरा शुभवर्तमानकार लूक याने त्याच जागी 'पापे' म्हटले आहे, मत्तयाने 'ऋणे' म्हटले आहे. आपण ही प्रार्थना लहानपणापासून म्हणत आलो आहोत, तरी 'ऋण' हा शब्द आपल्या कानांवरून नुसता जातो. ऋण हा वहीतला शब्द आहे. ऋण सोडायचे तर ते किती आहे हे आधी ठाऊक असावे लागते. रक्कमच न वाचता वही मिटणाऱ्या सावकाराने कर्ज माफ केले असे कोणी म्हणत नाही. मला वाटते, आपल्याकडून नेमके हेच झाले आहे. दर वर्षी आपण वही न उघडता मिटत आला आहात आणि वही तशीच राहिल्यामुळे ती गाठही तशीच राहिली आहे. म्हणून आपली क्षमा खोटी आहे असे मी म्हणणार नाही, ती अपुरी आहे.

तेव्हा एकदा शांतपणे बसून भावाकडून आपले काय येणे आहे ते लिहून काढा. माझ्या समजुतीप्रमाणे तेथे दोन वेगळी ऋणे निघतील. एक घराचे आणि दागिन्यांचे, ज्याचे मोजमाप होऊ शकते. दुसरे त्या एका वाक्याचे, ज्याचे मोजमाप कोणतेही न्यायालय करू शकत नाही. आईकडे केलेल्या चार वर्षांच्या फेऱ्यांना, तिच्या अंथरुणाजवळ घालवलेल्या वेळेला त्या वाक्याने लोभाचे नाव दिले, आणि तेही माणसांदेखत. माझी खात्री आहे की आपल्या छातीतली गाठ या दुसऱ्या ऋणाची आहे आणि दाव्यात मात्र आपण पहिल्याचीच वसुली करीत आहात. उद्या वाट्याचा निकाल पूर्णपणे आपल्या बाजूने लागला तरी ती गाठ सुटणार नाही. आणि आपण सगळा वाटा सोडून दिलात तरीही सुटणार नाही.

आपले येणे क्षुल्लक आहे, मोठ्या मनाने विसरून जा, असे सांगणारे लोक आपल्याला भेटले असतील. शुभवर्तमान तसे सांगत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील निर्दय चाकराच्या दाखल्यात राजाने चाकराला दहा हजार तलान्त सोडले आणि त्या चाकराने सोबत्याचा गळा शंभर दिनारांसाठी धरला. एक दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती आणि एक तलान्त म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे राजाने सोडलेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. प्रवचनांत या आकड्यांतील अंतरावर भर दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण शंभर दिनार हे मोलमजुरी करणाऱ्याचे तीन महिन्यांहून अधिक काळाचे पोट आहे, याकडे फारसे कोणी लक्ष वेधत नाही. प्रभूने सोबत्याचे कर्ज एका दिनाराचे ठेवले नाही. आपल्यावर झालेला अन्याय खरा आहे, त्याला वजन आहे, आणि तो सोडायला सांगणारा देव ते वजन जाणतो.

याच अध्यायात, शिष्य पेत्राने "किती वेळा क्षमा करावी" असे विचारण्याच्या आणि "साताच्या सत्तर वेळा" हे उत्तर मिळण्याच्या थोडे आधी, प्रभूने सांगितले आहे की तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि तुम्ही दोघेच असताना त्याचा अपराध त्याला दाखव. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी दोघांमध्ये बोललेले सत्य आहे, मग साताच्या सत्तर वेळांची क्षमा आहे. आपल्या घराण्यांत बहुधा उलटे घडते. चारचौघांत आरोप होतात, एकांतात कधीच बोलणे होत नाही, आणि मग एखाद्या लग्नात किंवा मयतीत सगळे मिळून दोघांना हात मिळवायला लावतात. याला समेट हे नाव मी देणार नाही.

क्षमा केल्यावरही मन दुखते याबद्दल आपण स्वतःला दोष देत आहात. कॅथलिक चर्चने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात याविषयी स्पष्ट सांगितले आहे की अपराध जाणवू न देणे किंवा तो विसरणे माणसाच्या हातात नाही. आत्म्याला अर्पण केलेले मन मात्र त्या जखमेचे रूपांतर करुणेत करते आणि स्मृती शुद्ध करते. विस्मरणाची अपेक्षा आपल्याकडून कोणीही केलेली नाही. घर दिसले आणि गाठ आली की त्या क्षणी "हे ऋण मी सोडले आहे" असे पुन्हा म्हणावे. साताच्या सत्तर वेळांचा एक अर्थ मी असाही घेते : भावाने चारशे नव्वद वेळा चुकावे असे नाही, एकाच चुकीची आठवण चारशे नव्वद वेळा वर येईल आणि तितक्या वेळा ती सोडावी लागेल.

आता दाव्याविषयी. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा आणि मुलगी यांना आईवडिलांच्या मालमत्तेत समान हक्क आहे, आणि मुले असताना आईवडील साधारणपणे अर्ध्याच मालमत्तेची व्यवस्था स्वतःच्या इच्छेने करू शकतात. वारसा आणि इन्व्हेंटरीविषयीच्या २०१२ च्या गोव्याच्या कायद्यातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे आपण मागितलेला वाटा ही आपल्याला कोणी द्यायची भीक नाही, आणि तो मागणे हा लोभही नाही. लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक मनुष्य येशूला म्हणतो की गुरुजी, माझ्या भावाला माझ्याबरोबर वतनाची वाटणी करायला सांगा. येशू वाटणी करणारा व्हायला नकार देतो आणि त्यानंतर लगेच लोभापासून सावध राहण्याचा इशारा देतो. वाटणी मागणे पाप आहे असे तो म्हणत नाही. वाटणी करणाऱ्यांचे काम त्यांच्यावर सोपवून तो माणसाच्या मनाकडे वळतो.

तरीही प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला पत्रात विचारलेला प्रश्न मी आपल्यापासून लपवणार नाही. भाऊ भावावर फिर्याद करतो हे ऐकून तो विचारतो की तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा मनुष्य नाही काय, आणि पुढे, त्यापेक्षा अन्याय का सहन करीत नाही. हे वचन अन्याय सोसणाऱ्याने स्वतःच्या मनाने स्वीकारण्याचे आहे. अन्याय करणाऱ्याने किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते आपल्या तोंडावर फेकण्याचे नाही. अपराधीपणाच्या भरात दावा मागे घेतलात आणि दोन वर्षांनी त्याचा पश्चात्ताप झाला, तर आपण भावावर नवे ऋण चढवलेले असेल आणि त्याला त्याची कल्पनाही नसेल. म्हणून घाईने काहीही सोडू नका. मात्र पौलाने विचारलेला शहाणा मनुष्य शोधा. इन्व्हेंटरीमध्ये वारसांच्या बैठकीत एकमताने वाटणी ठरवण्याची सोय आहे. एकमत झाले नाही तर मालमत्तेवर वारसांमध्येच बोली लागते, अधिक बोली बोलणाऱ्याकडे ती जाते आणि इतरांना फरकाची रक्कम मिळते. ज्या खोलीत आई गेली त्या खोलीसाठी भावाविरुद्ध बोली बोलण्याची वेळ येऊ नये, यासाठी दोघांच्याही विश्वासातल्या एखाद्या ज्येष्ठ नातेवाइकाला किंवा वकिलाला मध्ये घालून आधी बैठकीचा मार्ग धुंडाळा.

आणखी एक गोष्ट गोव्यात ध्यानात ठेवावी लागते. येथे लग्नानंतर बहुतेकांची मालमत्ता पतिपत्नींची सामाईक असते, त्यामुळे वाटणीच्या कामात जावई आणि सुना याही पक्षकार होतात आणि दस्तावर त्यांच्याही सह्या लागतात. दोन भावंडांचे भांडण बघताबघता चार माणसांचे होते ते यामुळेच. वहिनीने निरोप पाठवला, ही म्हणून मला मोठी गोष्ट वाटते. कागदावर ती आपल्या विरुद्ध बाजूला आहे, तरीही दार तिने उघडले आहे. भेटायला जाण्यापूर्वी आपल्या यजमानांशीही मोकळेपणाने बोला; इतकी वर्षे त्यांनीही आपल्या बाजूने राग वागवला असेल आणि तो आपल्या सांगण्याने एका दिवसात उतरणार नाही.

आता मला जे लिहायचे आहे ते वाचताना आपल्याला कदाचित दुःख होईल. आपण आठवड्यातून दोनदा जात होतात. दादा आणि वहिनी तेथे सातही दिवस, रात्रीसुद्धा होते. आजारी आईला रात्री उठून कूस बदलवणे, कपडे बदलणे, औषधांच्या वेळा सांभाळणे हे चार वर्षे ज्यांनी केले त्यांच्या थकव्यातून ते वाक्य आले असावे. त्याने ते वाक्य क्षम्य होत नाही. पण वही उघडलीच आहे तर दुसरे पानही वाचायला हवे : त्या चार वर्षांचे त्यांचे आपल्यावर काही ऋण आहे का, आणि ते आपण कधी शब्दांत मान्य केले आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. मी स्वतः माझ्या थोरल्या बहिणीशी नऊ वर्षे बोलत नव्हते आणि आमचेही भांडण आईच्या आजारपणात कोणी किती केले यावरूनच झाले होते. एका नाताळला बहीण दोदोल, नेवऱ्या आणि बेबिंका भरलेली ताटली घेऊन स्वतः आली, आम्ही जेवलो आणि काहीच घडले नसल्यासारखे वागू लागलो. सहा महिन्यांत जुना विषय पहिल्यापेक्षा अधिक कडवटपणे वर आला. मग एका दुपारी आम्ही दोघीच बसून सगळे बोललो. त्या दुपारी मी तिला पहिल्यांदा म्हटले की आईच्या रात्री तू काढल्यास आणि मी ते कधी बोलून दाखवले नाही. तिने काय उत्तर दिले ते मी येथे लिहिणार नाही, पण त्या ताटलीने उघडलेले दार त्या दुपारपर्यंत नुसते लोटलेले होते एवढे नक्की.

भेटीला जाल तेव्हा याकोबाची गोष्ट आठवा. एसावाला फसवून निघून गेलेला याकोब वीस वर्षांनी परतताना घाबरलेला होता, कारण एसाव चारशे माणसे घेऊन येत होता. त्याने साडेपाचशेहून अधिक जनावरांची भेट पुढे पाठवली, आणि भावाजवळ पोहोचेपर्यंत सात वेळा जमिनीपर्यंत लवून नमन केले. एसाव धावत आला आणि त्याच्या गळ्यात पडला. त्यानंतर दोघे एकत्र राहायला गेले असे मात्र उत्पत्तीच्या पुस्तकात नाही. एसाव सेईराला परतला, याकोब सुक्कोथला गेला. पुढे बाप इसहाक वारला तेव्हा दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली. समेट झाला म्हणजे पूर्वीची जवळीक परत आलीच पाहिजे असे नाही, आणि इतके झाले तरी ते थोडे नाही.

अर्धांगाच्या रुग्णाला बोलायला त्रास होऊ शकतो, भावना अनावर होतात, लवकर थकवा येतो. म्हणून वहिनीला विचारून त्याच्या विश्रांतीनंतरची वेळ घ्या, एकट्या जा, आणि पहिल्या भेटीत वीस मिनिटांहून अधिक बसू नका. घर, दागिने, दावा यांचा शब्दही काढू नका. आजारी माणसाकडून त्या दिवशी मिळालेला होकार उद्या त्याच्याच मुलांना संशयास्पद वाटेल. त्या वाक्याविषयी बोलायचे आहेच, पण त्याला उत्तर देण्याचे बळ आल्यावर, दोघेच असताना. पहिल्या दिवशी आईच्या चार वर्षांबद्दल त्याचे आणि वहिनीचे आभार माना. तो रडला तर रडू द्या. त्याने तोंड फिरवले तर तेही सोसा. रोमकरांस लिहिताना पौलाने सर्वांबरोबर शांतीने राहण्याची आज्ञा "शक्य असेल तर" आणि "तुमच्याकडून होईल तितके" या दोन अटींसह दिली आहे, कारण दुसऱ्याच्या मनाची जबाबदारी देवाने आपल्यावर ठेवलेली नाही.

प्रश्न : आम्ही वास्कोला राहतो. माझा धाकटा भाऊ दारूच्या आहारी गेला आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने नशेत वडिलांवर हात उगारला, तेव्हा मी त्याला घराबाहेर काढले. आता तो "मी सुधारलो" म्हणून परत यायचे म्हणतो. मंडळीतील लोक मला उधळ्या पुत्राचा, म्हणजे सगळे उधळून परत आलेल्या मुलाला बापाने आनंदाने घरात घेतल्याचा, दाखला देतात. मी दार उघडत नाही म्हणजे मी त्या दाखल्यातला रागीट थोरला भाऊ आहे का?

उत्तर : नाही. त्या दाखल्यातल्या थोरल्या भावाचा राग भावासाठी मांडलेल्या मेजवानीवर होता. आपल्याला वृद्ध वडिलांच्या सुरक्षिततेची काळजी आहे. आपल्या परिस्थितीला योसेफाची गोष्ट अधिक जवळची आहे. ज्या भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकले ते मिसर देशात धान्यासाठी आले, तेव्हा योसेफाने त्यांना ताबडतोब मिठी मारली नाही. तो एकांतात रडला, म्हणजे त्याचे मन केव्हाच मऊ झाले होते, तरी त्याने त्यांची परीक्षा घेतली. त्याला विकण्याची कल्पना ज्या यहूदाने मांडली होती तोच भाऊ यहूदा सर्वांत धाकट्या बन्यामिनाच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा योसेफाने आपली ओळख दिली. क्षमा आधी होऊ शकते. विश्वास बदल पाहूनच ठेवावा.

भावाला भेटा, पण घराबाहेर. आपण त्याच्याविषयी मनात वैर ठेवलेले नाही हे त्याला स्पष्ट सांगा आणि परत येण्याच्या अटीही तितक्याच स्पष्ट सांगा : उपचार, ठरावीक काळ दारूपासून दूर राहणे, आणि वडिलांची इच्छा असेल तरच त्यांची भेट. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा गोव्यात भरतात. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी आठवी आणि नववी पायरी आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करून, त्यांना अपाय होणार नसेल तेथे, त्यांची प्रत्यक्ष भरपाई करण्याची आहे. तो खरोखर सुधारत असेल तर त्या पायऱ्यांपर्यंत आल्यावर तो अटींवर रुसणार नाही. आणि मंडळीतील ज्यांना आपल्या दाराची फार काळजी वाटते, त्यांनी त्याला सभेला सोबत करावी, अशी विनंती त्यांना जरूर करा.

प्रश्न : माझ्या भावाशी माझा अबोला होता आणि तो गेल्या वर्षी अचानक वारला. मला समेट करायचा होता. आता काय करू?

उत्तर : आपल्या दुःखावर चटकन उतरेल असे औषध माझ्याजवळ नाही. आपण कॅथलिक असाल तर २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्याच्या नावाने मिस्सा सांगा आणि त्याच्या कबरीवर स्वतः जा. जे त्याला सांगायचे राहिले ते तेथे मोठ्याने सांगायला संकोचू नका. प्रॉटेस्टंट परंपरेत मृतांसाठी प्रार्थना करीत नाहीत. त्या परंपरेतले असाल तर तेच शब्द देवापुढे सांगा. त्याच्याकडून झालेला अपराध सोडायला त्याच्या होकाराची गरज नव्हती आणि आजही नाही. आपल्याकडून झालेल्या अपराधाची क्षमा मात्र आता देवाकडेच मागायची आहे.

त्यानंतर त्याच्या मुलांकडे जा. त्यांना आपल्याविषयी एकाच बाजूची हकिगत ठाऊक असेल. तिचा प्रतिवाद करू नका. त्यांना त्यांच्या वडिलांचे बालपण फक्त आपणच सांगू शकता : तो कोणत्या झाडावरून पडला, शाळेतून पळून कोठे पोहायला जाई, आईचा मार खाताना कोणाला वाचवी. घरातला एखादा जुना फोटो असेल तर त्याची प्रत काढून सोबत न्या.